शेणाची डबी आधी, सुई मागून

ट्रॉम्बे, मानखुर्द, गोवंडी, देवनार या पट्ट्यात ज्यांच्याकडे म्हशी आहेत, गायी आहेत, दारात बांधलेल्या दोन-चार बकऱ्या आहेत, त्यांना एक विनंती करायची आहे. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, पण जे रोज सकाळी किटली घेऊन तबेल्यावर जातात, त्यांनीही वाचावं. त्यांचा संबंध पुढे येतो.

वासराला किंवा रेडकाला हगवण लागली, की सुई टोचायच्या आधी शेणाचा नमुना घ्या आणि तपासायला पाठवा. विनंती एवढीच.

आज काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आठ दिवसांचं रेडकू पिवळं पाणी टाकायला लागतं. शेपटी बरबटलेली, मागचे पाय खालपर्यंत ओले, दूध दाखवलं तरी तोंड फिरवतं. राखणारा मालकाला फोन लावतो. मालक डॉक्टरला, नाहीतर डॉक्टर म्हणवून घेत मोटरसायकलवर फिरणाऱ्या कुणाला. "एक सुई मार दो, साब." अँटिबायोटिक टोचलं जातं. रेडकू जगलं तर सुईनं वाचलं, मेलं तर नशिबानं गेलं. नक्की काय झालं होतं हे दोन्ही वेळा कुणालाच कळत नाही, आणि आठवड्याभरात शेजारच्या खुंट्याला तीच रड सुरू होते.

हगवण म्हणजे काही एक रोग नव्हे. जन्मून तीन-चार दिवसांच्या आत लागली तर बहुतेकदा ई. कोलाय नावाच्या जिवाणूचं काम असतं. पाचव्या दिवसापासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत रोटाव्हायरस आणि गुरांचा कोरोनाव्हायरस हे दोन विषाणू पुढे असतात, आणि याच वयात क्रिप्टोस्पोरिडियम हा डोळ्यांना न दिसणारा परजीवीही असतो. तीन आठवड्यांनंतर रक्ताची झाक दिसली तर कॉक्सिडिया आठवावा. साल्मोनेला कधीही येऊ शकतो, आणि तो माणसालाही सोडत नाही. शिवाय दूध जास्त झालं, पिंप घाणेरडं होतं, पावडर पातळ कालवली, यानंही पोट बिघडतं. वयावरून अंदाज बांधता येतो. खात्री मात्र होत नाही. एकाच रेडकात दोन-दोन कारणं एकत्र सापडतात, आणि अशीच रेडकं जास्त मरतात.

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. रोटाव्हायरस आतड्याच्या आतल्या अस्तरावर जे बारीक केसासारखे उंचवटे असतात, त्यांच्या टोकाच्या पेशी मारतो. दूध शोषून घेणाऱ्या पेशी त्याच. त्या गेल्या की पोटात गेलेलं दूध तसंच पुढे सरकतं आणि सोबत अंगातलं पाणी आणि क्षारही बाहेर ओढून नेतं. नव्या पेशी यायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस रेडकाला पाण्यावर तारून न्यायचं, हाच उपचार. ताप असेल, शेणात रक्त असेल, जनावर पडून असेल, तर डॉक्टर अँटिबायोटिक देतीलही आणि ते बरोबरच आहे. पण तो निर्णय त्यांचा. तबेल्यातल्या फळीवर उरलेल्या अर्ध्या बाटलीचा नव्हे.

पाण्याचं नीट सांगतो, कारण जीव त्यावर आहे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. दोन सेकंदांहून जास्त तशीच उभी राहिली, डोळे खोल गेले, कान आणि तोंडाचा आतला भाग गार लागला, तर पाणी फार कमी झालं आहे. उभं राहता येत नसेल तर शिरेतून सलाईन लागेल, तिथे घरगुती उपायांत वेळ घालवू नका. उभं असेल आणि चोखत असेल तर गुरांसाठी मिळणारी क्षारांची पावडर पाजा. ती हाताशी नसेल तर डॉक्टर येईपर्यंत मेडिकलमधली ओआरएसची पुडी, पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. सकाळी दोन लिटर, संध्याकाळी दोन लिटर, तीस किलोच्या रेडकाला एवढं लागतंच. दूध तोडू नका. दुधात आणि या पाण्यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, म्हणजे झालं. पडलेल्या जनावराच्या घशात जबरदस्तीनं ओतू नका; ते फुप्फुसात जातं आणि हगवणीनं न मेलेलं रेडकू न्यूमोनियानं मरतं.

पण हे सगळं आजार झाल्यावरचं. त्याच्या आधीची गोष्ट चिकाची आहे, आणि इथे किटलीवाल्यांनाही जरा कान देऊन ऐकावं लागेल.

माणसाच्या बाळाला आईकडची रोगप्रतिकारशक्ती पोटात असतानाच बरीचशी मिळते. गायी-म्हशींच्या बाबतीत वार तशी बनलेली नसते, त्यामुळे वासरू जवळजवळ रिकाम्या हातानं जन्माला येतं. जे मिळायचं ते पहिल्या चिकातून. आणि तेही पहिल्या चोवीस तासांतच. त्यानंतर आतडं चिकातली प्रतिद्रव्यं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, रक्तात घेणं बंद करतं. म्हणून पहिल्या दोन तासांत पाजायला सुरुवात आणि बारा तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक, म्हणजे तीस किलोच्या रेडकाला तीन लिटर, हे धरून चाला. वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही, असं मानणारे अजून खूप जण आहेत. वार पडायला आठ तास लागले तर रेडकाचे सोन्यासारखे आठ तास गेले. हा समज खरोखर सोडून द्यावा.

दुसरी गोष्ट. रोटाव्हायरस रक्तात नाही, आतड्यात बसतो. त्यामुळे पहिल्या दिवसानंतरचा चीकसुद्धा कामाचा असतो. त्यातली प्रतिद्रव्यं रक्तात गेली नाहीत तरी आतड्याच्या भिंतीशी विषाणूला अडवतात. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवसाचा चीक थोडा थोडा रेडकाच्या पोटात जायलाच हवा. आणि आपल्याकडे नेमका त्याच चिकावर सगळ्यांचा डोळा. खरवस कुणाला आवडत नाही? मलाही आवडतो, वेलची-जायफळ घालून, गुळाचा. पण तबेल्यावर चीक मागताना "रेडकाला पाजून उरलाय का?" एवढं विचारायला पैसे पडत नाहीत. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर मालक पाजायला लागेल. मुंबईच्या तबेल्यांत रेडकांची, विशेषतः नर रेडकांची, किती आबाळ होते हे इथे फार सांगत बसत नाही. माहीत असणाऱ्यांना माहीत आहे.

आता नमुना. मेडिकलच्या दुकानात लघवी तपासायला देतात ती झाकणाची प्लॅस्टिकची डबी घ्या, एका रेडकामागे दोन. हातमोजा घालून शक्यतो थेट गुदद्वारातून शेण घ्या. जमिनीवरचं घ्यायचंच झालं तर पडल्या पडल्या, वरचं वर, गवत-माती न लागू देता. चमचाभर नको, निम्मी डबी तरी भरा. कापसाच्या बोळ्यावर पुसून आणलेलं विषाणूच्या तपासणीला पुरत नाही. हगवण सुरू झाल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांत घ्या, कारण तेव्हा एक ग्रॅम शेणात अब्जावधी विषाणू असतात आणि आठवड्यानंतर शोधूनही सापडत नाहीत. आजारी एकच असेल तर एक. चार असतील तर चौघांचे वेगवेगळे, एकत्र कालवलेलं नको. डबीवर न पुसणाऱ्या पेननं लिहा: तारीख, रेडकाचं वय, हगवण कधीपासून, कोणतं औषध दिलं. आधीच सुई दिली असेल तर तेही लिहा, लपवू नका. डबी पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि बर्फावर. ट्रॉम्बे कोळीवाड्याच्या आसपास थर्माकोलची पेटी आणि बर्फ मिळायला काहीच अडचण नाही. मात्र ती पेटी पुन्हा मासळीला वापरू नका, आणि नमुना घरच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी तर मुळीच ठेवू नका. बर्फावर ठेवायचा म्हणजे गार ठेवायचा. गोठवायचा नाही, कारण गोठवल्यानं जिवाणूंची तपासणी बिघडते.

पाठवायचा कुठे? इथे एक गैरसमज दर वेळी ऐकू येतो: शेजारी एवढं मोठं बीएआरसी आहे, तिथे कुणी ओळखीचं असेल तर बघून देईल. अणुशक्तीवाल्यांचं ते काम नाही. आपली जागा परळला आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे १८८६ पासून उभं आहे. मानखुर्दहून हार्बर लोकलनं शिवडीला उतरलात तर तिथून जवळ. रेडकू नेणं जमत नसेल तर नुसता नमुना न्या, आधी फोन करून कोणत्या तपासण्या होतात ते विचारून. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. एखाद्या तबेल्यात पाठोपाठ रेडकं पडू लागली तर सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत नमुने तिकडे जाऊ शकतात. १९६२ हा जनावरांसाठीचा टोल फ्री नंबर भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

प्रयोगशाळेत त्या डबीचं काय होतं, हेही कळलेलं बरं, म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर त्याची सुरळी करून कोनाड्यात टाकली जाणार नाही. सोपी तपासणी म्हणजे पट्टी: शेण द्रावात मिसळायचं, थेंब सोडायचा, दहा-पंधरा मिनिटांत रेघ उमटते. कोविडच्या काळात घरोघरी पाहिलेली तीच तऱ्हा. त्याहून खात्रीची एलायझा नावाची तपासणी. आणि एक जुनी, स्वस्त, डोळ्यांना दिसणारी पद्धत आहे. रोटाव्हायरसचा आनुवंशिक ठेवा एकसंध नसतो, अकरा तुकड्यांत असतो. शेणातून तो वेगळा काढून जेलच्या पातळ पापुद्र्यातून विजेच्या दाबानं पळवला, की लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. मग चांदीच्या क्षारानं रंगवलं की अकरा बारीक रेघा उभ्या राहतात: वर चार, मग दोन, मग तीन अगदी खेटून, खाली दोन. ही चार-दोन-तीन-दोनची मांडणी दिसली की गट 'ए' चा रोटाव्हायरस, शंका नाही. मांडणी वेगळी निघाली तर गट वेगळा. याच्या पुढची पायरी म्हणजे पीसीआर; त्यात विषाणूच्या बाहेरच्या कवचातल्या दोन प्रथिनांवरून त्याचा उपप्रकार ठरतो. एकाला 'जी' आणि दुसऱ्याला 'पी' असा क्रमांक देतात. गुरांत नेहमी सापडणारे जी६, जी८, जी१०, आणि पी१, पी५, पी११. माणसांच्या पोरांत जास्त करून जी१ ते जी४ आणि जी९, पी४ किंवा पी८.

हे आकडे तबेल्याला काय कामाचे, असं कुणी विचारेल. उपचार त्यानं बदलत नाही, हे कबूल. पण दिल्लीत ऐंशीच्या दशकात नवजात बाळांमध्ये एक रोटाव्हायरस सापडला. त्याचा 'जी' माणसाचा होता, जी९. 'पी' मात्र गुरांचा, पी११. बंगळुरूमध्ये बाळांतच सापडलेल्या दुसऱ्या एका विषाणूचे बहुतेक तुकडे गुरांच्या विषाणूचे होते. दोन रोटाव्हायरस एकाच पेशीत शिरले तर आपले तुकडे अदलाबदल करू शकतात, म्हणून हे घडतं. गंमत अशी की त्या दिल्लीच्या विषाणूपासूनच पुढे भारताची रोटाव्हॅक ही लस तयार झाली. आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासील तर उघडच वासराची देणगी आहे: इंग्लंडमधल्या एका वासराच्या विषाणूचे दहा तुकडे तसेच ठेवून अकरावा, बाहेरच्या कवचाचा, माणसाच्या विषाणूचा घातलेला. वासराचा विषाणू माणसाच्या पोटात नीट रुजत नाही, म्हणून तो सौम्य. कवच माणसाचं, म्हणून शरीर ओळख पटवून घेतं. चीता कॅम्पच्या किंवा पायलीपाड्याच्या ज्या आईनं दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळाला दवाखान्यात रोटाचा डोस पाजून आणला आहे, तिच्या घरापर्यंत गोठ्यातलं हे संशोधन आलेलं आहे. ज्यांनी अजून पाजला नाही त्यांनी पाजून घ्यावा, सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

वासरांचा हा विषाणू १९६९ साली अमेरिकेतल्या नेब्रास्कात वेगळा काढला गेला, मुलांमधला १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसला. म्हणजे वासरांचं आधी कळलं, मुलांचं नंतर. कुठल्या तबेल्यात कोणता 'जी' आणि कोणता 'पी' फिरतो आहे याची नोंद राहिली, तर मुलांच्या लसी निवडणाऱ्यांच्याही ती उपयोगाची.

रिपोर्टात "कोरोना" हा शब्द आला तर घाबरून जाऊ नका. गुरांचा कोरोनाव्हायरस कोविडचा नव्हे. तो कित्येक दशकांपासून माहीत आहे, वासरांना हगवण आणि कधी सर्दी-खोकला देतो. माणसांमध्ये साध्या सर्दीचा एक कोरोनाव्हायरस आहे, तो फार पूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, गुरांकडून आला असावा असा शास्त्रज्ञांचा आनुवंशिक हिशेबावरचा अंदाज आहे; पण म्हणून रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवून "तबेल्यात कोरोना" अशी बोंब ठोकणं म्हणजे शुद्ध चहाटळपणा. असं एकदा झालं की दुसरा कुठलाही मालक आयुष्यात नमुना देणार नाही.

तपासणीनं काय साधतं याचा आपल्या राज्यातला पुरावा हवा असेल तर जुन्या माणसांना बुळकांडी विचारा. तोंड सोलवटलेलं, डोळे गळणारे, दुर्गंधीची हगवण, आणि आठवड्याभरात गोठा रिकामा. त्याच रोगापायी ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली. १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली, आणि तीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था. १९५४ पासून देशभर लसीकरण झालं. पण लस टोचून रोग जवळजवळ संपल्यावरही खरं किचकट काम उरलंच होतं: लस थांबवायची आणि तोंड आलेलं, हगवण लागलेलं प्रत्येक जनावर बुळकांडीचं नाही हे नमुना तपासून सिद्ध करायचं. गावोगावच्या पशुधन पर्यवेक्षकांनी वर्षानुवर्षं ते केलं. १९९५ नंतर भारतात रोगी जनावर सापडलं नाही, २००६ मध्ये देश बुळकांडीमुक्त ठरला, २०११ मध्ये सगळं जग. जनावरांचा एवढा एकच रोग माणसानं आजवर पृथ्वीवरून पुसला आहे.

त्याच कुळातला पीपीआर मात्र शेळ्या-मेंढ्यांत अजून आहे. देवनारच्या बाजारातून बकरी ईदच्या आधी बकरा आणून आठ-दहा दिवस चाळीच्या जिन्याखाली बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: नाक-डोळे वाहतात, तोंड आलंय आणि हगवण आहे, तर तो "हवा बदलल्यानं" आजारी नाही. दुसऱ्यांच्या बकऱ्यांपासून लांब बांधा आणि कळवा. माणसाला पीपीआर होत नाही, पण गल्लीतल्या सगळ्या बकऱ्यांना होतो. २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या यादीतल्या रोगाची शंका आली तरी कळवणं मालकावर बंधनकारक आहे. मालकाला हे बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं.

तबेला आणि वस्ती यांचं भांडण हाही आपल्याकडचा जुना विषय. नाल्याला वास आला, पोरांना जुलाब लागले, की बोट तबेल्याकडे. तबेलेवाला म्हणतो, तुमचे संडास कुठे जातात ते आधी बघा. दोघंही शपथेवर बोलतात. हेही नमुन्यावरून ठरवता येतं. गुरांच्या आतड्यात राहणारे एन्टेरोव्हायरस गुरांचेच असतात, माणसाचे वेगळे. पाण्याच्या नमुन्यात गुरांचे सापडले तर शेण मिसळतंय, माणसाचे सापडले तर मैला. परदेशात या खुणेवरून पाण्यातल्या घाणीचा माग काढून पाहिला आहे. आपल्याकडे महापालिका नाल्यासाठी एवढं करेल अशी आशा मला आजतरी नाही. पण तोवर एकमेकांवर ओरडताना, दोन्ही असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, एवढं धरून चालावं.

साफसफाईचं थोडक्यात. कोरोनाव्हायरसवर चरबीचं वेष्टण असतं, तो साबणानं, फिनेलनं मरतो. रोटाव्हायरसवर ते नसतं. फिनेलचा वास सुटला म्हणून तो मेला असं समजू नका, शेणात तो महिनोन्‌महिने टिकतो. आधी शेण खरवडून काढा, पाण्यानं धुवा, मगच ब्लीचिंगचं पाणी, कारण शेणावर टाकलेलं ब्लीचिंग शेणातच वाया जातं. ऊन आणि कोरडी जमीन मिळाली तर उत्तम. ट्रॉम्बेच्या पावसाळ्यात ती मिळणं कठीण, म्हणून निदान आजारी रेडकू वेगळ्या कोपऱ्यात, उताराच्या खालच्या बाजूला. आधी निरोगी रेडकांना पाजा, शेवटी आजारी. बादली वेगळी. दूध काढणाऱ्यानं आजारी रेडकाला हात लावल्यावर कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे. लहान पोरांना रेडकाशी खेळायला आवडतं. आवडू दे, पण हगवण लागलेल्याशी नको. आणि घरी आणलेलं सुटं दूध उकळा, नीट वर येईपर्यंत.

शेवटचं एक, कारण यात बरेच नमुने वाया जातात. शनिवारी संध्याकाळी घेतलेला नमुना सोमवारपर्यंत बर्फावर राहू शकतो, पण बर्फ बदलत राहावं लागेल. रविवारी सकाळी पेटी उघडून बघा, पाणी झालं असेल तर ओतून नवा बर्फ भरा. ज्याला एवढं करणं होणार नाही त्यानं सोमवारी पहाटे ताजा नमुना घ्यावा आणि पहिल्या गर्दीच्या आधीची लोकल पकडावी.